मिरज रस्त्यावरचे वर्कशॉप : पाणी शोधण्याचे पैसे वेगळे

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, फर्निचरच्या दुकानांमागे, पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या एका लहान वर्कशॉपविषयी हे परीक्षण आहे. तेथे इंजिनाला हात लावला जात नाही, ऑइल बदलले जात नाही आणि डेंटिंग-पेंटिंगही होत नाही. गाडीच्या आत शिरणारे पाणी, धूळ आणि वारा यांचा माग काढणे एवढेच तेथले काम. दारावर पाटी नाही, आणि पावसाळ्यात आधीच गाड्या उभ्या करायला जागा पुरत नाही म्हणून नाव कुठे लिहू नका असे मालकांनीच सांगितल्यामुळे मीही ते देत नाही. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणेन.

निदानाचे ८०० रुपये वेगळे आणि दुरुस्तीचे वेगळे, ही त्यांची पद्धत फोनवर ऐकून पहिल्यांदा मी फोन ठेवून दिला होता. मिरजेच्या दवाखान्यात तपासणीची फी आणि औषधांचे पैसे निरनिराळे द्यावे लागतात याचे आपल्याला नवल वाटत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र शोधणे फुकट आणि पाना फिरवला तरच पैसे, असा आपला हिशेब असतो. तो हिशेब मला कितीला पडला, ते आधी सांगतो.

माझी गाडी २०१७ची हॅचबॅक, दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या मालकाकडून घेतलेली, म्हणजे एमएच ०९ पासिंगची. यंदा जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर सकाळी काचा आतून धुरकटलेल्या दिसू लागल्या आणि दार उघडले की बंद खोलीत ठेवलेल्या ओल्या गोणपाटासारखा वास येऊ लागला. चालकाशेजारच्या आसनापुढील मॅट उचलून पाहिली तर खालचे कार्पेट हाताला जवळजवळ कोरडे लागे, पण टाचेने दाबले की पाणी वर येई. सांगलीत गाडीला असा वास येतो म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो आणि तो बहुतेक जण तोंडावर विचारतातही : पुरातली गाडी तर नाही ना? ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. कोल्हापुरातही त्याच आठवड्यात पंचगंगेचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले होते. गाडी २०१७ची आणि पासिंग कोल्हापूरचे, एवढे कळल्यावर शेजाऱ्यांनी निकालच देऊन टाकला. आपण फसवलो गेलो आहोत ही शंका ओल्या कार्पेटपेक्षा अधिक त्रास देणारी होती.

पहिल्यांदा मी गाडी नेली ती एका मोठ्या, चकचकीत गॅरेजमध्ये. तेथल्या मुलाने गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या काचेच्या कडेवर बोट ठेवले आणि काचेतूनच पाणी येते असे सांगितले. काचेच्या वरच्या आणि डाव्या कडेला सिलिकॉनची जाड रेघ ओढली गेली, आतून गाडी व्हॅक्यूम करून सुगंधी फवारा मारला गेला आणि २,९०० रुपयांचे बिल हातात पडले. चार दिवसांनी पाऊस झाला आणि पाणी पूर्वीइतकेच आले. फरक एवढाच की आता ओल्या गोणपाटाला मोगऱ्याचा वास होता. यात २,९०० रुपये गेले त्यापेक्षा वाईट काय झाले, ते मला नंतर मिस्त्रींकडे कळले. पुढची काच पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने पत्र्याला बसवलेली असते आणि ती गाडीच्या सांगाड्याला बळकटी देते; सिलिकॉन एकदा लागले की त्या जागी पॉलियुरेथेन नीट धरत नाही, त्यामुळे पुढे कधी खरोखर काच काढून बसवायची वेळ आली तर आधी ते सारे खरवडून काढावे लागते. शिवाय लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे जे स्वस्त सिलिकॉन असते, ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्यावर गंजाला निमंत्रण देते.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा मिस्त्रींनी दोन अटी घातल्या. गाडी धुऊन आणायची नाही, आणि आतले पाणी पुसायचे नाही. गेल्यावर त्यांनी गाडीकडे न बघता मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला. पाणी गाडी उभी असताना येते की चालताना? पावसानेच येते की धुतल्यावरही? एसी लावून लांबचा प्रवास केल्यावर कोरड्या दिवशीही ओल दिसते का? पाण्याला वास, रंग, चिकटपणा आहे का? प्रत्येक प्रश्नामागे कारण होते आणि विचारले की ते सांगतही होते. एसीच्या गारव्याने जमणारे पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असते. त्याची निचऱ्याची नळी तुंबली की ते उलटे आत येते आणि त्याचा पावसाशी संबंध नसतो. हीटरच्या जाळीतून कूलंट गळत असेल तर गोडसर वास येतो, बोटाला बुळबुळीतपणा लागतो आणि काचेवर तेलकट पापुद्रा धरतो. पावसाचे पाणी आपल्यासोबत माती आणि पालापाचोळा आणते. आमच्या पाण्यात बारीक माती होती, त्यामुळे संशयितांची यादी तेथेच निम्मी झाली. “गाडी घरी कशी लावताय?” असेही त्यांनी विचारले होते. मी “सरळच की” असे उत्तर दिले. त्या उत्तराने पुढे त्यांचा अर्धा दिवस खाल्ला.

मग बॅटरीची तार काढून, काही मिनिटे थांबून डावे आसन सोडवले गेले, कारण आसनाखाली सीटबेल्टच्या आणि एअरबॅगच्या यंत्रणेचे जोड असू शकतात आणि बॅटरी जोडलेली असताना ते ओढू नयेत. उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी काढून कार्पेट वर केल्यावर खालचा जाड फोम दिसला. तो त्यांनी बादलीवर पिळला तेव्हा तीन-साडेतीन लिटर पाणी निघाले असावे. कार्पेट वरून कोरडे लागते आणि माणूस गाफील राहतो तो या फोममुळे. वरचा थर हवेने सुकतो, फोम मात्र आठवडे न् आठवडे पाणी धरून बसतो आणि त्याच्याखालचा पत्रा व वायरिंगचे जोड त्या ओलीत राहतात. व्हॅक्यूम आणि सुगंधी फवारा या थरापर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

पुराची शंका मीच काढली. मिस्त्रींनी त्यावर भाषण दिले नाही. टॉर्च घेऊन ते डॅशबोर्डखाली आडवे झाले. पुरात बुडालेल्या गाडीत गाळ अशा ठिकाणी सापडतो जेथे धुणाऱ्याचा हात जात नाही, म्हणजे डॅशबोर्डखालच्या लोखंडी आधारांच्या वरच्या कडांवर, वायरींच्या गुंडाळीत, मागच्या दिव्यांच्या आत, स्टेपनीच्या खळग्यात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यांनी मला त्याचे शेवटचे टोक दाखवले, कारण पाणी तेथवर चढले असते तर पट्ट्यावर आडवी मळकट रेघ राहिली असती. रेघ नव्हती. आसनाचे रूळही डावीकडेच गंजलेले होते, उजवीकडे नाही. गाडी बुडालेली नाही, गळते आहे, हे त्यांनी सांगितले तेव्हाच माझे ८०० रुपये वसूल झाले होते. कोल्हापूरच्या ज्या गृहस्थांना मी मनातल्या मनात महिनाभर शिव्या घातल्या, त्यांची मनातल्या मनात माफीही मागितली.

यानंतर कोरड्या तळावर तपासणी सुरू झाली. आधी वीस मिनिटे एसी चालवून गाडीखाली पाणी ठिबकते का ते पाहिले; ठिबकत होते, म्हणजे एसीची नळी मोकळी होती. मग उघड्या पत्र्यावर आणि डॅशबोर्डखालच्या, इंजिनाकडच्या पत्र्याच्या पडद्यावर त्यांनी चक्क शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, पूड भुरभुरवली, कारण पाण्याचा बारीकसा ओघळही तिच्यावर काळी रेघ ओढून जातो आणि नंतर त्या रेघेचा माग वरपर्यंत काढता येतो. पाण्याचा पाइप त्यांनी तोंडाला बोट न लावता, नळाचे पाणी वाहावे तसा सोडला. प्रेशर वॉशर का नाही, असे मी विचारले. जोराचे पाणी चांगल्या रबराच्या कडेतूनही आत घुसते आणि मग नसलेली गळती सापडते, असे त्यांचे उत्तर होते. पाणी सोडण्याचा क्रमही खालून वर : आधी उंबरा, मग दार, मग वायपरखालची जाळी, मग काच आणि शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरून ओघळते आणि कोणत्या भोकातून आत आले हे कळत नाही. एका जागी निदान दहा मिनिटे पाणी धरायचे, आत टॉर्च घेऊन बसलेल्या पोऱ्याने “आलं” म्हटले की थांबायचे. काम इतके संथ होते की मी दोन चहा पिऊन आलो.

वायपरखालची काळी जाळी काढल्यावर तिच्या खालची पन्हळ उघडी पडली. पुढच्या काचेवरून वाहणारे सगळे पाणी या पन्हळीत पडते आणि दोन्ही टोकांच्या छिद्रांतून चाकांमागे निघून जाते. डावे छिद्र गुलमोहराच्या पानांनी बुजले होते. गुलमोहराची पाने इतकी बारीक असतात की जाळी त्यांना अडवत नाही, आणि कुजून त्यांचा असा लगदा होतो की तो बोटाने उपसावा लागतो. मला वाटले, सापडले. मिस्त्रींनी मात्र तो लगदा काढला नाही. तसाच ठेवून वर पाणी सोडले. पंधरा मिनिटे झाली तरी आत थेंब नाही. पाणी उजव्या छिद्रातून निमूटपणे निघून जात होते. ब्लोअरच्या वाटेतला फिल्टरही काढून पाहिला, तर त्याच्यावर पाण्याचा डाग नव्हता, म्हणजे हवेच्या वाटेने पाणी येत नव्हते. पुढच्या काचेवर, सिलिकॉनच्या रेघेच्या वर आणि खाली पाणी धरले. काच निर्दोष निघाली, २,९०० रुपयांची रेघ निरपराध काचेवर ओढली गेली होती.

येथे बहुतेकांनी छिद्र साफ करून गाडी दिली असती, आणि खरे सांगायचे तर मीही ती घेऊन गेलो असतो. मिस्त्री बाकड्यावर बसले आणि गाडी घरी कशी लावता, हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. या वेळी मी डोळे मिटून आमच्या इमारतीचे फाटक डोळ्यांसमोर आणले. विश्रामबागेत आमच्या फाटकाबाहेर रस्ता गटाराकडे उतरतो आणि गाडी रोज त्या उतारावर, डावी चाके गटाराच्या बाजूला ठेवून, गुलमोहराखाली उभी असते. इतक्या वर्षांच्या सवयीने तो उतार मला उतार वाटेनासा झाला होता. मिस्त्रींनी उजव्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली लाकडी फळ्या सरकवल्या आणि पुन्हा पन्हळीत पाणी सोडले. आता पाणी उजवीकडे जाऊ शकत नव्हते. डाव्या कोपऱ्यात साचून ते चढत गेले आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला पोऱ्याने आतून हाक दिली. शंखजिऱ्यावर पेन्सिलीएवढी काळी रेघ उतरली होती. ती पकडून वर गेल्यावर दोन पत्र्यांच्या सांध्यावरचे कारखान्यातले सीलंट बोटभर लांबीवर तडकलेले दिसले. सपाट जमिनीवर पाणी त्या उंचीपर्यंत कधी चढतच नव्हते.

एवढ्यावर भागले नाही. छिद्र मोकळे केले, सांधा खरवडून, सुकवून, सीम सीलरने भरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा डाव्या दारावर पाणी सोडल्यावर उंबऱ्याच्या कडेला एक थेंब दिसला. दाराच्या काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोटात जाणे हे सर्वस्वी नियमाला धरून आहे. ते खालच्या छिद्रांतून बाहेर पडावे अशीच दाराची रचना असते. पाणी दाराच्या पोटातून गाडीत येऊ नये म्हणून आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा पडदा चिकट काळ्या पट्टीने बसवलेला असतो. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने मोठे स्पीकर बसवून घेतले होते आणि ते बसवणाऱ्याने हा पडदा खालून फाडून तसाच लोंबकळत ठेवला होता. गाण्याच्या हौसेची किंमत अशी उशिरा आणि तिसऱ्याच माणसाकडून वसूल होते. पडदा नवा कापून, ब्युटाइलच्या पट्टीने चिकटवला. दाराचे रबर ठीक आहे का हे पाहण्यासाठी कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावायचे आणि ती ओढून पाहायची, ही युक्ती त्यांनी मलाही करायला लावली. पट्टी सैल निघाली तर त्या जागी रबर दबत नाही असे समजावे.

शेजारी सनरूफ असलेली एक गाडी उभी होती. सनरूफ म्हणजे पूर्णपणे पाणीबंद झाकण नव्हे. त्याच्या चौकटीत पाणी उतरतेच आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून, खांबांच्या आतून, ते खाली जाते. कोणीतरी त्या नळ्या साफ करण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा मारली होती आणि आत एक नळी जोडातून निसटली होती, त्यामुळे तुंबलेल्या गाडीची गळकी गाडी झाली. मिस्त्री नळ्यांमध्ये गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉनची दोरी हलक्या हाताने सारतात. सनरूफवाल्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी त्यांचे पैसे वाचतील.

आता तक्रारी. उद्या संध्याकाळी गाडी देतो असे सांगून ती चौथ्या दिवशी मिळाली. जुलैतल्या हवेत फोम सुकत नाही हे मला मान्य आहे, त्यांनी त्यावर दोन दिवस पंखा आणि हॅलोजनचा दिवा लावून ठेवला होता, पण मग पहिल्या दिवशीच तसे सांगायला हवे होते. बसायला एक बाकडे आहे आणि त्यावरही स्पेअर टायर ठेवलेला असतो. गाडी नेण्या-आणण्याची सोय नाही. बिल वहीच्या पानावर मिळते : निदान ८००, सांधा आणि पन्हळ ६५०, दाराचा पडदा ४००, फोम सुकवणे व आसन बसवणे ५००, एकूण २,३५०. कामाची हमी विचारली तर “पाणी आलं तर या” एवढेच उत्तर मिळाले. लेखी काही नाही. शिवाय उंबऱ्याच्या पट्टीच्या दोन क्लिपा काढताना तुटल्या आणि त्या न सांगता तशाच ठेवल्या, हे मला घरी आल्यावर कळले. ज्या माणसाने शंखजिऱ्यावरची रेघ सोडली नाही त्याने क्लिपा सोडून द्याव्यात, याचे आश्चर्य वाटले.

सिलिकॉनची रेघ त्यांनी काढून दिली नाही. काच कधी काढावी लागली तर काचवाल्याला आधी सांगा, आता खरवडायला गेलो तर रंगाला ओरखडे जातील, असे त्यांचे मत पडले आणि मला ते पटले.

कामानंतर मी गाडी मुद्दाम शिराळ्यावरून चांदोलीकडे नेली. सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीला पावसाची वाट पाहावी लागते आणि चांदोलीला तो थांबण्याची. गाडीची परीक्षा घ्यायला दुसरी चांगली जागा नव्हती. जाऊन-येऊन दिवसभर पाऊस होता. मिस्त्रींच्या सांगण्यावरून मी मॅटखाली, कार्पेटवर वर्तमानपत्राचे पान पसरून ठेवले होते. ते संध्याकाळी कोरडे निघाले. तेव्हापासून पाच आठवडे गाडी त्याच उतारावर, त्याच गुलमोहराखाली उभी राहते आहे. दर रविवारी मी जाळीवरची पाने काढतो आणि मॅटखालचा कागद बदलतो, आणि अजून एकही कागद ओला निघालेला नाही. काचा सकाळी स्वच्छ असतात. मोगऱ्याचा वास मात्र गेलेला नाही.

तुम्ही जाणार असाल तर गाडी न धुता न्या, तीन-चार दिवसांची सोय करून ठेवा, आणि निघण्यापूर्वी आपली गाडी रोज उभी असते तेथे जाऊन जमीन कोणत्या बाजूला उतरते ते एकदा पाहून घ्या. चाक कोणते खाली असते हे त्यांना लागेल. क्लिपांसाठी मी फोन केला होता. “या की, लावून देतो” म्हणाले. तोवर अंकलीच्या पुलावरून जाताना उंबऱ्याची पट्टी खडखडते.